दोन छाटण्यांची वेल

चैत्र सरून वैशाखाचे ऊन तापू लागले, शेवटची पेटी बाजारच्या वाटेला लागली आणि बागाइतदाराच्या हाती हंगामाचा जमाखर्च आला, म्हणजे निफाड, दिंडोरी, तासगाव, नान्नज अशा द्राक्षांच्या मुलखात एक असे काम सुरू होते की, ते प्रथमच पाहणाऱ्या परक्या माणसाच्या मनाला चटका बसल्यावाचून राहत नाही. ज्या वेलीने महिन्या-दीड महिन्यापूर्वी घडांच्या भाराने मांडव वाकविला होता, तिच्या साऱ्या काड्या ओलांड्यापाशी, म्हणजे मांडवावरच्या आडव्या जुन्या फांदीपाशी, एक-दोन डोळे राखून कापून टाकल्या जातात. तारांवर औषधालासुद्धा पान उरत नाही. आणि जेथे काल गार, हिरवी सावली होती तेथे आज तारांच्या जाळीची तेवढी बारीक सावली तापल्या मातीवर पडलेली दिसते. ही खरड छाटणी. पुढे पाच-सहा महिन्यांनी, पाऊस ओसरून आश्विन लागला की त्याच वेलीवर दुसऱ्यांदा कात्री चालते, आणि त्या छाटणीला गोडी छाटणी असे साजरे नाव आहे. वेल एक, वर्ष एक, छाटण्या दोन आणि पीक मात्र एकच, हा व्यवहार द्राक्षाच्या थंड माहेरी कोणी करीत नाही. दख्खनच्या द्राक्षशेतीचा सारा इतिहास या दोन छाटण्यांमधल्या काळात साठलेला आहे असे मला वाटते. आणि ज्या देशाजवळ संशोधनासाठी द्रव्य मोजकेच आहे त्याने द्राक्षाच्या बाबतीत आधी कोणता प्रश्न हाती घ्यावा, या पुष्कळदा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचा धागाही तेथेच सापडतो.

द्राक्षवेल मूळची थंडी जाणणारी. कॉकेशस पर्वताच्या आसपासचा आणि पश्चिम आशियाचा प्रदेश हे तिचे जन्मस्थान. तेथे हिवाळा आला की ती पाने गाळते, निद्रिस्त होते, आणि त्या निद्रेत माळी तिला वर्षातून एकदा छाटतो. वसंतात ती जागी होते ती फुलोरा घेऊनच. दख्खनच्या पठारावर तिला ही निद्रा मिळत नाही. येथे पाणी आहे तोवर ती वाढतच राहते, शेंडा धावतच राहतो, आणि जी वेल थांबत नाही ती फळही नीट धरीत नाही. म्हणून जे काम तिच्या माहेरी हिमाने करावयाचे ते येथे लोखंडाला करावे लागले. हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते, कोणत्याही विद्यापीठाने शिकविलेले नव्हते. ते या भूमीत राहून, चुका सोसून, कोणाकोणाला उमगत गेले.

द्राक्षाची ओळख आपल्या देशाला फार जुनी. पाणिनीने कापिशी नगरीवरून कापिशायन हा शब्द सिद्ध करण्यासाठी सूत्र रचले, आणि कौटिल्याने मृद्वीकेच्या रसापासून होणाऱ्या मधूचे प्रकार सांगताना त्याच कापिशायनाचा व हारहूरकाचा उल्लेख केला. म्हणजे त्या काळी हे फळ वायव्येच्या डोंगरांपलीकडून येणारी वस्तू म्हणूनच परिचित असावे. आयुर्वेदातील द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट घरोघर पोहोचली, बेदाणा व मनुका वाण्याच्या दुकानी आल्या, पण वेल मात्र दख्खनमध्ये उशिरा रुजली. परंपरा असे सांगते की, महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलविली तेव्हा त्या लोंढ्याबरोबर द्राक्षाच्या काड्याही दक्षिणेत आल्या. राजधानी परत गेली. वेल मात्र राहिली.

दौलताबादच्या या द्राक्षांविषयी इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने एक नोंद करून ठेवली आहे, आणि ती मला या विषयातील सर्वांत मोलाची नोंद वाटते. चौदाव्या शतकाच्या मध्यास तो त्या वाटेने गेला, आणि येथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात असे त्याने लिहिले. भूमध्य समुद्राच्या काठी वाढलेल्या आणि द्राक्षांच्या अनेक मुलखांतून हिंडलेल्या माणसाला ही गोष्ट नोंदविण्याजोगी वाटली, यात नवल नाही. त्याने जे पाहिले ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अगदी खरे होते: या हवेत वेलीला छाटले की ती फुटते, आणि फुटली की, मागील वाढीत डोळ्यात घड तयार झालेला असल्यास, तो दाखविते. वैशाखात छाटली तर श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास फळ, आश्विनात छाटली तर माघ-फाल्गुनात फळ. परंतु त्या दोन पिकांची योग्यता सारखी नव्हती. पावसाळ्यात पिकणारे फळ आंबट, पाणचट, रोगांनी डागळलेले. कोरड्या हवेत, दिवसाच्या उन्हात आणि रात्रीच्या गारव्यात पिकणारे फळ गोड. गोडी छाटणी हे नाव या फरकाची साक्ष देते.

आता येथे कोणा अनाम बागाइतदारांनी, एका पिढीत नव्हे तर अनेक पिढ्यांत, जो निर्णय घेतला त्याला मी संशोधनच म्हणेन. आंबट पिकाचा मोह त्यांनी सोडला. उन्हाळ्याची छाटणी त्यांनी ठेवली, पण फळासाठी नव्हे. एक-दोन डोळ्यांवर खरडून काढलेल्या त्या वेलीला नवी काडी वाढवू दिली, त्या काडीला उन्हात पिकू दिले, आणि ती पिकली काडी आश्विनात छाटून तिच्यातून एकच गोड पीक घेतले. दोन पिके सोडून एक घेण्यात तोटा नसून नफा आहे हे ज्याला प्रथम कळले त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. परंतु आज नाशिकपासून सांगली-सोलापूरपर्यंत लक्षावधी एकरांतील व्यवहार त्याच शोधावर चालला आहे.

एकोणिसाव्या शतकात नाशिक आणि त्याच्या भोवतालची गावे द्राक्षांसाठी नावाजलेली होती. त्या बागा आजच्यासारख्या लोखंडी कोन आणि जस्ती तारांच्या नव्हत्या. वेलीशेजारी पांगाऱ्याची जिवंत खुंटे रोवीत आणि त्यांच्यावर वेल चढवीत. पांगारा थोडी सावली देई, पानगळीने जमिनीला खत देई, आणि वाळवी लागून कोसळण्याची त्याला भीती नसे. भोकरी, फकडी, साहेबी, हबशी ही त्या काळच्या जातींची नावे. भोकरी पुष्कळ पिके, पण तिचे कातडे जाड आणि आत बिया. साहेबी खाण्यास सुरेख, पण हात आखडता. मोटेचे पाणी, शेणखत, बकऱ्याच्या लेंड्या, आणि एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या वेली, असा तो संसार होता. विसाव्या शतकात या संसाराला व्यापारी रूप देणाऱ्यांत ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांचे नाव नाशिककर आदराने घेतात. १९२५ च्या सुमाराचा तो आरंभ.

सरकारी संशोधनाने या मुलखात पाऊल टाकले ते रोगाच्या निमित्ताने. केवडा हा रोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये १८७८ च्या सुमारास गेला, आणि १८८५ साली मिलार्दे यांनी मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाचा त्याच्यावरील उपाय प्रसिद्ध केला. बोर्दो परगण्यावरून त्या मिश्रणाला पडलेले नाव आपल्या शेतकऱ्याच्या जिभेवर बोर्डो म्हणून आज इतके रुळले आहे की ते परके वाटत नाही. भुरी, केवडा, करपा आणि उडद्या ही चार नावे द्राक्षवाल्याच्या घरात लहान मुलांनाही पाठ असतात. आरंभी बाहेरून आलेला हा उपाय येथे लागू पडला, कारण बुरशी तीच होती आणि तिचा स्वभावही तोच. पण बुरशीचा स्वभाव सर्वत्र एक असला तरी वेलीचा स्वभाव हवेगणिक पालटतो, ही गोष्ट ध्यानात यावयास पुढची पुष्कळ वर्षे जावी लागली.

पुण्याच्या गणेशखिंड येथील फलसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी जे काम केले त्याचे महत्त्व मला याच दृष्टीने वाटते. मुंबई सरकारच्या या उद्यानविद्यातज्ज्ञाने परदेशी जातीच्या मागे न धावता पांढरी साहेबी ही येथलीच जात हाती घेतली, तिच्या मोकळ्या परागीभवनातून आलेल्या बिया पेरल्या, आणि त्या रोपांच्या मेळ्यातून निवडीने एक वेल वेगळी काढली. सातवी निवड म्हणून ओळखली गेलेली ती वेल पुढे चीमा साहेबी या नावाने लोकांच्या बागेत गेली. बीपासून द्राक्ष वाढविणे म्हणजे धीराची परीक्षा: रोप फळावर येईपर्यंत वर्षे जातात, आणि शेकडा नव्याण्णव रोपे टाकाऊ निघतात. हा मार्ग लांबचा, खर्चाचा आणि यशाची हमी नसलेला. म्हणूनच तो संस्थेनेच चालावयाचा मार्ग आहे, एकट्या शेतकऱ्याने नव्हे. दुर्दैवाने त्या वाटेवर पुढे फारशी गर्दी झाली नाही.

कारण तोवर बाजाराला दुसरेच वेड लागले होते. हैदराबादकडून आलेल्या अनाब-ए-शाहीने काही काळ राज्य केले. मोठा, लांबट, रसाळ मणी पाहून लोक भुलले. मग बिनबियांचे थॉम्पसन सीडलेस आले. इराण-तुर्कस्तानकडचा हा जुना किसमिसी वाण. कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन यांच्या हातून तो प्रसिद्धीस आला आणि त्यांचे नाव घेऊन जगभर फिरला. महाराष्ट्रात तो १९६० नंतर पसरू लागला, आणि पसरताच त्याने दोन अडचणी पुढे टाकल्या. एक म्हणजे मणी बारीक. दुसरी म्हणजे त्याच्या काडीच्या बुडाकडील डोळे बहुधा वांझ असतात. घड असतो तो वरच्या डोळ्यांत. भोकरीच्या सवयीने आखूड छाटणाऱ्याच्या मांडवावर पाने दाट आली आणि घड विरळ.

पहिल्या अडचणीचे उत्तर तयार होते, आणि ते फार लांबच्या वाटेने आले होते. भाताची रोपे विलक्षण उंच होऊन कोलमडण्याचा एक रोग जपानी शेतकऱ्यांना ठाऊक होता. १९२६ साली कुरोसावा यांनी ही उंची बुरशीच्या स्रावामुळे येते असे दाखविले, आणि त्यातून जिबरेलिन हे द्रव्य हाती लागले. कॅलिफोर्नियात ते थॉम्पसनच्या घडावर वापरून पाहिले तो मणी फुगला. आपल्याकडे त्याला नुसते जीए म्हणतात. फुलोऱ्याचा रंग पोपटी झाला की दहा पीपीएमची पहिली फवारणी, चार-पाच दिवसांनी दुसरी, पुढे मणी बाजरी-ज्वारीएवढा झाल्यावर घड द्रावणात बुडविणे, ही सारी पद्धत बायाबापड्यांच्या हातात बसली आहे. प्लास्टिकच्या मगात द्रावण घेऊन, एकेक घड त्यात बुडवून, मग हलकेच झटकून पाणी काढणारी स्त्री दिवसभरात किती घड हाताळते याची गणती कोणी केली आहे की नाही, मला ठाऊक नाही; पण त्या झटकण्यात थोडी कसूर झाली तर मण्याच्या बुडाशी थेंब साचतो आणि तेथे डाग राहतो, एवढे ती कोणत्याही पदवीधराला सांगू शकते.

१९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाइतदार संघाचा येथे गौरवाने उल्लेख केला पाहिजे. शेतकऱ्यांनी आपल्या वर्गणीवर उभारलेली, अधिवेशने भरविणारी, ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक चालविणारी, परदेशांतील तज्ज्ञांना बोलावून त्यांना आपल्या मांडवाखाली उभे करणारी अशी दुसरी पीकसंघटना देशात विरळाच. केंद्र सरकारचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरी येथे स्थापन झाले ते १९९७ साली. मधल्या सदतीस वर्षांत राहुरीचे कृषी विद्यापीठ, बंगळूरची भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था, पुण्याची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी यांनी काम केले हे खरे. तथापि दररोजच्या शंकांची उत्तरे शेतकऱ्याने शेतकऱ्यालाच विचारली. या काळात येथे जे सर्वांत मोठे संशोधन झाले ते प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर झाले.

ते असे. कोणत्याही वेलीच्या एखाद्या डोळ्यात, निसर्गाच्या लहरीने, बदल घडतो. त्या डोळ्यातून फुटलेली काडी बाकीच्या वेलीहून निराळी निपजते. शास्त्रात यास कायिक उत्परिवर्तन म्हणतात. हजारो वेलींच्या बागेत अशी एक काडी ओळखावयाची तर प्रत्येक घड रोज पाहणारी नजर हवी, आणि ती नजर पगारी असू शकत नाही. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांना थॉम्पसनच्या बागेत असे निराळे घड दिसले. त्यांनी ती काडी राखली, वाढविली, आणि तास-ए-गणेश ही जात निर्माण झाली. त्या नावातील तास हे तासगावचे, ए हे अक्षर आर्वे यांचे आणि गणेश हे आराध्य देवाचे. सोलापूरजवळच्या नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी लांब मण्याची सोनाका निवडली, काळ्या द्राक्षांत शरद सीडलेस दिली, आणि त्यांच्या घराण्यात हे काम पुढेही चालू राहिले. माणिक चमन ही अशीच निवड. महाराष्ट्रातील बिनबियांच्या द्राक्षांचा मोठा भाग अशा नजरेतून उतरलेला आहे.

परंतु येथेच एक सावध विचार करावा लागतो. काळी शरद सीडलेस सोडली, तर या साऱ्या जाती दिसावयास निराळ्या असल्या तरी रक्ताने एका थॉम्पसनच्याच लेकी आहेत. केवड्यापुढे आईची जी दुर्बलता तीच त्यांची. निवडीने मणी लांब होतो, घड सुबक होतो. रोगाशी झुंजण्याचे बळ जर मुळात नसेल तर ते निवडीने आणता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या कुळाशी सोयरीक करावी लागते. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने अमेरिकन कुळातील कटावबा आणि आपल्या परिचयाची ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ ही रसाची जात काढली. बंगळूरच्या संस्थेने अर्कावती, अर्का श्याम, अर्का कांचन अशा संकरित जाती दिल्या. मांजरीच्या केंद्राने रसासाठी मांजरी मेडिका पुढे आणली. हे प्रयत्न थोर आहेत, आणि बाजारातल्या गाड्यावर त्यांतले फारसे काही दिसत नाही हेही तितकेच खरे आहे. ग्राहकाची जीभ आणि व्यापाऱ्याचा डोळा थॉम्पसनच्या मापाला इतके सरावले आहेत की नव्या जातीला उभे राहावयास जागा मिळत नाही. आणि जागा मिळत नाही म्हणून संकराच्या कामाला पैसा मिळत नाही.

इकडे जमिनीखाली दुसरेच संकट वाढत होते. मोटेच्या पाण्यावर लहान बाग होती तोवर जमिनीचा तोल टिकला. बागा वाढल्या, विहिरींच्या जागी खोल बोअर आले, काळ्या चिकण जमिनीत पाण्याचा निचरा अडला, चुनखडी आणि क्षार वर आले. पानांच्या कडा करपू लागल्या आणि ऐन उमेदीतली वेल म्हातारी दिसू लागली. फ्रान्सवर एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा या मुळे खाणाऱ्या किडीचे संकट आले तेव्हा तेथील लोकांनी अमेरिकन रानवेलींच्या मुळांवर आपल्या वेलींची कलमे बांधून द्राक्षशेती वाचविली होती. टेक्सासमधील मन्सन या वेलशास्त्रज्ञाला फ्रान्स सरकारने १८८८ साली सन्मान दिला तो त्या उपकारासाठी. त्याच मन्सनने टेक्सासच्या रानातून निवडलेली डॉगरिज ही वेल गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या बागाइतदारांच्या कामी आली, पण निराळ्या कारणासाठी: कीड नव्हे, तर क्षार आणि दुष्काळ. माघात डॉगरिजचे रोप लावावयाचे, पावसाळ्याअखेर त्याच्यावर पाचर कलम बांधावयाचे, ही रीत आज इतकी सार्वत्रिक आहे की, स्वतःच्या मुळावरची जुनी वेल दाखवावयाची तर शोधत हिंडावे लागते.

डॉगरिजने बागा वाचविल्या आणि नवा प्रश्न दिला. तिची वाढ जोमदार, आणि जोमदार वाढ व फळ यांचे सख्य नसते. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या काळात कोवळ्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा अंकुर धरतो. यास सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात. त्या दिवसांत डोळ्यावर ऊन पडले पाहिजे, पाणी बेताचे असले पाहिजे, शेंडा थांबला पाहिजे. म्हणून सातव्या पानापाशी शेंडा खुडून सबकेन, म्हणजे उपकाडी, करावयाची, बगलफुटी काढावयाच्या, मांडव मोकळा राखावयाचा. छाटणी लांबली आणि ते दिवस मृगाच्या ढगांखाली सापडले, तर डोळ्यात घड धरत नाही, किंवा धरला तरी गोडी छाटणीनंतर त्याची नुसती तणावी होते. शेतकरी म्हणतो, घड जिरला. वर्षाचे पीक असे जूनमध्ये ठरते आणि त्याचा निकाल ऑक्टोबरात कळतो.

वाढ रोखण्यासाठी म्हणून या काळात क्लोरमेक्वाट हे द्रव्य फवारण्याची पद्धत पडली. दुसरीकडे निर्यातीसाठी १९९१ साली सहकारी संस्थांच्या एकत्रीकरणातून महाग्रेप्स उभी राहिली होती, युरोपची बाजारपेठ उघडली होती, पूर्वशीतकरणाची गृहे उभारली गेली होती. २००३ साली कीटकनाशकाच्या अवशेषावरून पहिला धक्का बसला, आणि त्यानंतर प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंद, नमुना व तपासणी यांची तजवीज झाली; मांजरीच्या केंद्रात त्यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा झाली. ती व्यवस्था उत्तम होती. तरीही २०१० साली युरोपात आपली द्राक्षे अडली ती क्लोरमेक्वाटच्या अवशेषावरून, ज्याची तपासणी आपल्या यादीतच नव्हती. फळावर कोणी ते मारले नव्हते. फळ येण्याच्या कितीतरी महिने आधी, उन्हाळ्याच्या वाढीत, काडीला दिलेले द्रव्य वेलीच्या देहात मुरून राहिले आणि फळात उतरले. दर किलोस ०.०५ मिलिग्रॅम एवढ्या सूक्ष्म मर्यादेने अनेक घरांचा त्या सालचा जमाखर्च पालटून टाकला.

हा प्रसंग मला पुन्हा पुन्हा आठवतो, कारण त्यात आपल्या संशोधनाच्या क्रमाचे दुखणे उघडे पडले. थंड देशांत वेलीला हिवाळा रोखतो. आपल्याकडे ती रोखावी कशी, हा प्रश्न केवळ आपला, उष्ण कटिबंधातला आहे. आणि त्याचे उत्तर आपण बाहेरच्या बाटलीत शोधले. मण्याचा आकार, पेटीचा पुठ्ठा, गंधकाचा कागद, शीतगृहाचे तापमान या गोष्टींची विद्या जगात तयार होती आणि ती आपण चपळाईने उचलली, ते योग्यच झाले. पण ढगाळ जून महिन्यात डोळ्यात घड कसा धरावा, चुनखडीच्या जमिनीत कोणते मूळ किती जोर धरील, एकच गोड पीक देणारी आणि केवड्याला न भिणारी बिनबियांची वेल कशी घडवावी, या प्रश्नांची उत्तरे कॅलिफोर्नियातील डेव्हिस किंवा फ्रान्समधील माँपेलिये येथे कोणी आपल्यासाठी काढून ठेवणार नाही. तेथे ते प्रश्न या रूपात पडत नाहीत. म्हणून माझ्या मते पहिला पैसा येथे पडला पाहिजे: मुळावर, डोळ्यावर आणि संकरावर.

हवेनेही आता घाई केली आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस ऐन फुलोऱ्यात कोसळला आणि नाशिक-सांगलीच्या बागा केवड्याने झडून गेल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने तयार घड मातीत मिळविले. गोडी छाटणीच्या साऱ्या गणिताचा पाया हा की, आश्विनानंतर हवा कोरडी राहते. तो पाया डळमळू लागला म्हणजे शेकडो वर्षांचा करारच मोडू पाहतो. सटाणा-बागलाणकडचे लोक बाजारभावासाठी भर पावसात छाटणी करून आगाप द्राक्ष घेतात, आणि औषधांवर जो खर्चवेच व जी जोखीम ते पत्करतात ती पाहून छाती दडपते. परंतु पावसातल्या द्राक्षाविषयी त्यांच्याजवळ जे ज्ञान साठले आहे ते उद्या साऱ्या महाराष्ट्राला लागणार आहे. ते कोणी बसून उतरून घेत आहे काय? कित्येक बागाइतदारांच्या घरी छाटणीची तारीख, पावसाचे दिवस, डोळे फुटल्याचा दिवस, घडांची मोजणी आणि फवारणीची मात्रा लिहिलेल्या वह्या वर्षानुवर्षांच्या पडून आहेत. पेशवे दप्तरातील कागद जपावेत तशा त्या जपण्याजोग्या आहेत.

आणि भोकरीसुद्धा. तिला आता बाजारात कोणी विचारीत नाही. जाड सालीचे, बियांचे फळ कोण घेणार? तथापि या हवेत, या मातीत, स्वतःच्या मुळावर शतकानुशतके ती टिकली, आणि जी टिकली तिच्या अंगी काय आहे हे तपासून पाहण्याआधीच ती हरवावी, हे बरे नव्हे. पांगाऱ्यावरची साहेबी, हबशी, फकडी यांच्याविषयीही मला तेच म्हणावेसे वाटते. संकराच्या कामाला लागणारे द्रव्य परदेशी रोपवाटिकांच्या स्वामित्वशुल्कात जाऊ लागलेले असताना घरच्या जुन्या वेलींचा संग्रह वाढविणे हे फार खर्चाचे काम नाही.

गोडी छाटणीच्या आधी आठ-दहा दिवस द्राक्षांच्या मुलखातील गावोगावच्या तपासणी केंद्रांत काड्यांच्या मोळ्या येऊन पडतात. प्रत्येक मोळीला चिठ्ठी बांधलेली असते: गाव, जात, खरड छाटणीची तारीख, सबकेन आहे की सरळ काडी. टेबलाशी बसलेला तरुण पातळ पात्याने डोळा उभा चिरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. तपकिरी कापसासारख्या आवरणात हिरवट, ओलसर गाभा दिसतो आणि त्याच्या मध्याशी, मोहरीच्याही कितीतरी पटींनी लहान, फिकट ठिपक्यांचा एक पुंजका: तो माघातला घड. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या डोळ्यात काही नाही, चौथ्यात शंका, पाचव्यात आणि सहाव्यात आहे. तो कागदावर खुणा करीत जातो. मागे उभा असलेला बागाइतदार काही बोलत नाही, खाली वाकून कागदाकडे पाहत राहतो, आणि पाचव्या डोळ्यापुढे फुली न पडता टिंब पडले की मग खिशातून फोन काढून घरी सांगतो की, उद्या माणसे बोलवा, सात डोळ्यांवर घ्यायची आहे.